रुग्णालयें आणि स्वयंसेवक

एखाद्या गांवीं नवें रुग्णालय काढावयाचें ठरलें म्हणजे प्रथम जागेची व नंतर पैशाची चर्चा होते. जागा मिळाली, देणगीदार मिळाले, कोनशिला बसली, आणि पुढें एके दिवशीं कोणा थोर गृहस्थाच्या हस्तें फीत कापली गेली, कीं रुग्णालय स्थापन झालें असें आपण समजतों. दारावरील संगमरवरी पाटीवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं असतात, आणि तीं तेथें असावीं हें योग्यच आहे. द्रव्यावांचून भिंती उभ्या राहत नाहींत. परंतु भिंती उभ्या राहणें व रुग्णालय उभें राहणें या दोन गोष्टी एक नव्हेत. या दोहोंमधील अंतर ज्यांनीं भरून काढलें, त्या माणसांचीं नांवें बहुधा कोणत्याच पाटीवर नसतात. वेतनाची अपेक्षा न धरतां रुग्णालयाच्या उभारणीस व निर्वाहास हातभार लावणाऱ्या अशा स्वयंसेवकांविषयीं आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें चार विचार मांडावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पैशाइतकेंच रुग्णालयास वेळेचें दान लागतें, आणि वेळेच्या दानांतहि एकदांच दिलेल्या पुष्कळ वेळेपेक्षां नेमानें दिलेला थोडा वेळ अधिक मोलाचा असतो. हें ऐकावयास साधें वाटतें. पण आपल्या उत्सवप्रिय समाजास तें अद्यापि पटलेलें दिसत नाहीं. आपण रुग्णालयांत जातों तो बहुधा कोणाच्या तरी जयंतीच्या निमित्तानें. केळीं व बिस्किटांचे पुडे वांटतों, छायाचित्र काढवितों आणि परततों. ज्या रोग्याच्या हातीं बिस्किटें दिलीं त्यास मधुमेह आहे किंवा कसें, एवढी विचारपूस करण्याइतकाहि अवकाश आपणांस नसतो.

पाटीवर न मावणारी हकीकत कशी असते हें पाहावयाचें तर मिरजेच्या मिशन रुग्णालयाचा इतिहास घ्यावा. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें इ. स. १८८९ मध्यें या देशांत आले आणि सांगलीस कांहीं काळ लहानसा दवाखाना चालवून पुढें मिरजेस गेले. मिरज संस्थानच्या अधिपतींनीं जागा दिली, अमेरिकेंतील एका धनिकानें इमारतीस पैसा दिला, आणि १८९४ सालीं रुग्णालय सुरू झालें. येथवरची गोष्ट पाटीवर लिहितां येते. पण पुढें काय? त्या काळीं आमचे लोक शस्त्रक्रियेचें नांव काढतांच भीत. रोग्याबरोबर घरचें माणूस येई, चूल मांडून त्याचें जेवण रांधी आणि रात्रभर उशाशीं बसे. डॉक्टर एक व रोगी शेंकडों, अशा स्थितींत शिकविलेल्या हातांची गरज भासली, व डॉक्टरांनीं मिरजेसच तरुणांस वैद्यक शिकविण्याची सोय केली. इकडे हें चाललें असतां समुद्रापलीकडे ख्रिस्ती मंडळ्यांतील स्त्रिया ठरल्या वारीं एकत्र जमत, जुन्या स्वच्छ चादरींच्या पट्ट्या फाडीत, त्या नीट गुंडाळीत, आणि पेट्या भरभरून आपल्या देशांतील मिशन रुग्णालयांकडे पाठवीत. ज्या जखमेवर ती पट्टी बसावयाची ती जखम त्या बायांस जन्मांत कधीं दिसणार नव्हती. डॉ. वानलेस यांस १९२८ सालीं 'सर' ही पदवी मिळाली, १९३३ सालीं ते वारले, आणि वानलेसवाडी हें नांव त्या भागांत त्यांची आठवण देत राहिलें आहे. पट्ट्या गुंडाळणाऱ्या स्त्रियांपैकीं एकीचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं.

याच सुमारास, १८९७ सालीं, पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे सैन्यांत वैद्य होते. ते रजा घेऊन आले, आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकरांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं स्वतःच्या पाठीवर घालून तेथें आणल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. त्यांत त्यांस प्लेगची बाधा झाली आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस त्या निवर्तल्या. ज्या समाजानें त्यांच्यावर एके काळीं शेण व चिखल फेंकला, त्याच समाजांतील रोगी त्यांनीं अखेरच्या दिवसांत उचलून आणले.

परंतु संकटकाळीं धावून जाणें निराळें, आणि सामान्य दिवशीं न चुकतां हजर राहणें निराळें. पहिल्यास धैर्य लागतें व तें सर्वांच्या अंगीं नसतें. दुसऱ्यास केवळ चिकाटी लागते, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं तीच अधिक दुर्मिळ आहे. ह्या दुसऱ्या प्रकारच्या सेवेचा उत्तम नमुना पाहावयाचा तर आपणांस पाऊण शतक पुढें यावें लागेल व जामखेडकडे वळावें लागेल.

जामखेड हा तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयांत कांहीं वर्षें काम करतांना त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, आज बरा करून घरीं पाठविलेला रोगी थोड्याच दिवसांत तोच रोग घेऊन परत येतो. कारण गढूळ पाणी, अपुरें अन्न आणि अज्ञान हीं त्याच्या घरीं जशींच्या तशींच असतात. रुग्णालय कितीहि चांगलें असलें तरी तें नदीच्या खालच्या अंगास उभें राहून वाहत आलेलीं माणसें बाहेर काढीत बसतें; वरच्या अंगास त्यांना पाण्यांत कोण लोटतें, हें पाहावयास त्यास फुरसत नसते. दोघांनीं अमेरिकेंत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि परत येऊन १९७० सालीं जामखेडास आपलें काम मांडलें. आरंभीची त्यांची जागा कोणती? तर गुरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याची.

प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. तो प्रयोग साधला नाहीं. बाहेरून आलेल्या पोरसवदा मुलीचें खेड्यांतील सासवा-सुना ऐकेनात, आणि त्या मुलींसहि परक्या गांवीं एकटें राहणें नकोसें होई. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी व तिलाच शिकवावें, असा विचार निघाला. निवडल्या गेलेल्या बायांपैकीं पुष्कळ जणी निरक्षर होत्या. कित्येक अशा जातींतील, कीं ज्यांच्या सावलीचाहि पूर्वीं विटाळ मानीत. त्या शेतांत मजुरी करीत, संसार संभाळीत, आणि ठराविक दिवशीं जामखेडास येत. तेथें सर्व जातींच्या बाया एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि शिकत. बाळंतिणीची सुटका करण्यापूर्वीं हात कसे धुवावे, जुलाब होत असलेल्या मुलास साखर-मिठाचें पाणी कसें व किती पाजावें, कोणतें मूल वजनांत मागें पडलें आहे, क्षय व कुष्ठ यांचीं पहिलीं चिन्हें कोणतीं, हें सर्व त्यांनीं तोंडपाठ केलें, आणि आपापल्या गांवीं परतून घरोघर सांगितलें. पुढच्या खेपेस पुनः येऊन, कोठें अडलें, कोणी ऐकलें नाहीं, कोणतें मूल दगावलें, याचा पाढा त्या वाचीत व नवें शिकत.

या कामाचें फळ काय मिळालें? १९७१ सालीं त्या भागांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. १९९० नंतरच्या दशकांत हा आकडा वीस-पंचविसाच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं काढलेल्या एका ग्रंथांत जामखेडच्या कामाचें वर्णन आलें, आणि १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं वारले. डॉक्टरांची योग्यता मोठीच होती, यांत शंका नाहीं. पण दीडशें मुलांचें हजारामागें जें वांचणें, तें शस्त्रक्रियेच्या दालनांत झालें नाहीं. तें गांवच्या ओसरीवर, चुलीपाशीं, एका अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बाईच्या बोलण्यानें झालें.

आम्हांस यांतून जें विशेष घेण्यासारखें वाटतें तें त्या बायांच्या सेवाभावापेक्षांहि त्यांच्या शिकण्याच्या नेमांत आहे. सेवाभाव आपल्याकडे थोडा नाहीं. आजाऱ्याच्या घरीं भेटीस जाणारीं दहा माणसें असतात, व त्यांतील नऊ जण निराळें औषध सुचवून येतात! शिकल्यावांचून केलेली सेवा रोग्यास कित्येकदां रोगापेक्षां जड जाते. जामखेडची बाई वाचूं शकत नव्हती, तरी जें तिला माहीत नव्हतें तें माहीत नाहीं म्हणून सांगण्यास व विचारण्यास ती लाजत नसे. आमचीं वाचतां येणारीं मुलें एवढें शिकतील तरी पुष्कळ झालें.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ आहे. परंतु ती सांगतांना आपण नेहमीं एवढेंच सांगतों, कीं याजक व लेवी बाजूनें निघून गेले आणि शोमरोन्यानें जखमा बांधल्या. पुढचा भाग घाईनें उरकला जातो. त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, रात्रीं त्याची काळजी घेतली, सकाळीं रक्षकाच्या हातीं दोन दीनार ठेविले, आणि आणखी खर्च झाल्यास परत येतांना देईन असें सांगितलें. म्हणजे त्यानें नुसता कळवळा दाखविला नाहीं. परत येण्याचें वचन दिलें. आणि त्या उतारशाळेच्या रक्षकाचें काय? त्याच्याविषयीं कोणी प्रवचन केलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. शोमरोनी वाटेस लागल्यावर पाणी तापविणें, पट्ट्या बदलणें आणि कण्हणाऱ्या माणसापाशीं जागणें त्याच्याच वांट्यास आलें असलें पाहिजे.

आतां पालकांकडे वळतों. मुलानें आठवड्यांतून दोन तास रुग्णालयांत द्यावे, असें म्हणतांच बहुतेक घरांत जी म्हण ऐकूं येते ती म्हणजे, 'घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजावयास कोणीं सांगितलें आहे?' या म्हणींत आपल्या समाजाचें सगळें व्यवहारज्ञान सांठलेलें आहे, आणि सगळा करंटेपणाहि. बाबा म्हणतात, "अगोदर परीक्षा, मग काय ती सेवा." आई म्हणते, "रोगराईच्या जागीं लेकराला कशाला धाडायचें?" आईची शंका रास्त आहे व तिचें उत्तर पुढें देऊं. बाबांच्या शंकेस उत्तर एवढेंच, कीं जो मुलगा रोज दोन तास हातांतील यंत्राच्या पडद्याकडे टक लावून बसतो, त्याच्या अभ्यासाचे तास आठवड्याच्या दोन तासांनीं बुडतात हें आमच्या गणितांत बसत नाहीं.

एक तिसरी शंका आहे, ती कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं. आपल्या मुलानें परक्या माणसाचें भांडें उचलावें, उष्टें काढावें, हें कमीपणाचें वाटतें. पुण्यास १९०९ सालीं सेवासदन सुरू झालें, तेव्हां रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांस याच भावनेशीं झुंजावें लागलें. भल्या घरच्या स्त्रीनें परक्या रोग्याची शुश्रूषा करावी ही कल्पनाच तेव्हां लोकांस सोसत नव्हती. तरी सेवासदनानें स्त्रियांस परिचर्येच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्याचें धैर्य केलें. रमाबाई स्वतः रुग्णालयांत जाऊन रोग्यांस फळें, फुलें व पुस्तकें देत. (वर आम्हीं केळीं वांटणाऱ्यांची थट्टा केली आहे, तिचा रोख रमाबाईंकडे नाहीं, कारण त्यांचें जाणें नेमाचें होतें.) आज परिचारिकेच्या व्यवसायास कोणी नांवें ठेवीत नाहीं असें म्हणतात. म्हणणारे गृहस्थ आपल्या मुलीचें नांव त्या शाळेंत घालावयास मात्र क्वचितच जातात.

नेमाचें महत्त्व डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर रक्तपेढीचें उदाहरण घ्यावें. पूर्वीं आपल्या देशांत पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक लोक असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानें ती चाल १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली, व तेव्हांपासून रुग्णालयांस स्वखुशीनें दिलेल्या रक्तावरच विसंबावें लागतें. आतां रक्त ही कांहीं धान्यासारखी कणगींत भरून ठेवण्याची वस्तु नव्हे. त्यांतील तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, आणि प्लेटलेट नांवाचे कण तर अवघे ५ दिवस. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी या दिवशीं ठिकठिकाणीं शिबिरें भरतात व पिशव्यांची रास पडते. आणि एप्रिल-मे महिन्यांत, महाविद्यालयें बंद व माणसें गांवीं गेलेलीं, तेव्हां रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. अपघात व बाळंतपणें मात्र सुट्टी घेत नाहींत. रक्त देण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण असावीं लागतात आणि वजन निदान ४५ किलो असावें लागतें. निरोगी पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुनः देतां येतें. तेव्हां हा परिच्छेद विद्यार्थ्यांसाठीं नसून त्यांच्या आईबाबांसाठीं आहे, हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. पंधरा ऑगस्टची रांग टाळून मे महिन्यांत जो गुपचूप जाऊन येईल, तो आमच्या मतें खरा स्वयंसेवक.

मग मुलांनीं करावें काय? कोणत्याहि मोठ्या रुग्णालयाच्या दाराशीं सकाळीं नऊ वाजतां उभें राहून पाहावें. खेड्यांतून एक शेतकरी आपल्या म्हाताऱ्या आईस घेऊन आलेला असतो. केस पेपर कोठें काढावा, रक्त कोठें तपासावें, एक्स-रेची खिडकी कोणती, हें त्यास समजत नाहीं. पाट्या वाचतां येत नाहींत, चिठ्ठी इंग्रजींत असते, आणि विचारावें तर जो तो घाईंत. अशा माणसाबरोबर चार खिडक्यांपर्यंत चालत जाणें हें नववी-दहावीच्या कोणत्याहि मुलास जमण्यासारखें आहे. म्हातारीस बसावयास बांक मिळवून देणें, कोणी एकाकी रोगी असल्यास त्यास वर्तमानपत्र वाचून दाखविणें, गोळी जेवणाआधीं कीं नंतर हें परिचारिकेस विचारून घेऊन त्यास समजेल अशा भाषेंत पुनः सांगणें, हींहि तशींच कामें. थोरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ सालापासून लागू झाली. पण ज्यांच्यासाठीं ती आहे त्यांतील पुष्कळांच्या कानीं ती कधीं पडलेलीच नसते. दागिना गहाण टाकावयास निघालेल्या माणसास ही एक गोष्ट वेळेवर सांगणारा स्वयंसेवक शंभर फळांच्या टोपल्यांहून उपयोगी.

आईच्या शंकेचें उत्तर आतां देतों. मुलांनीं कोठें जावें व कोठें जाऊं नये हें मुलांनीं किंवा शिक्षकांनीं ठरवावयाचें नाहीं. तें रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेनें ठरवावें, व तिचा शब्द अखेरचा मानावा. सांसर्गिक रोग्यांच्या दालनांत मुलांचें काम नाहीं. स्वतःस सर्दी-ताप असेल त्या दिवशीं घरीं राहावें, कारण रोग्यासहि आपल्यापासून धोका असतो. आंत जातांना व बाहेर पडतांना हात धुवावे, औषधास हात लावूं नये, आणि कोणास काय झालें आहे याची वाच्यता घरीं जेवतांनासुद्धां करूं नये. शेवटचा नियम पाळावयास सर्वांत कठीण जातो. मुलांपेक्षां मोठ्यांस अधिक.

येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. स्वयंसेवा हा गोड शब्द आहे, आणि गोड शब्दांचा गैरवापर लवकर होतो. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांव 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या. जामखेडच्या बायांच्या त्या जणूं धाकट्या बहिणीच. पुढें २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा मोठा गौरव केला. परंतु त्यांना स्वयंसेविका म्हणावयाचें, काम मात्र दिवसरात्र घ्यावयाचें, आणि पगाराऐवजीं कामागणिक मोबदला द्यावयाचा, या रीतीविरुद्ध त्यांस पुनःपुनः संप करावे लागले, हेंहि तितकेंच खरें आहे. ज्या कामानें मनुष्याचा सगळा दिवस जातो त्या कामास वेतन दिलें पाहिजे. तेथें सेवेचें नांव पुढें करणें हा कंजूषपणा होय. रुग्णालयांत विद्यार्थी येतात म्हणून एक कक्षसेवक किंवा एक परिचारिका कमी करावी, असें कोणा व्यवस्थापकाच्या मनांत आल्यास त्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं जाणें बंद करावें, असें आम्हीं स्पष्ट सांगूं. स्वयंसेवकानें पगारी माणसाच्या कामांतील वेळ मोकळा करावा. त्याचें पोट मोकळें करूं नये.

वरील सर्व विचार मान्य झाल्यास जून महिन्यांत शाळा उघडतांच आरंभ करतां येईल. वरच्या वर्गांतील दहाच मुलेंमुली घ्यावीं, शंभर नकोत. पालकांची लेखी संमति असावी. रुग्णालयाकडून चार शनिवार शिकून घ्यावें आणि नंतर दर शनिवारीं दोन तास, वर्षभर. वर्षभराचें वचन ज्यास देतां येत नसेल त्यानें नांव देऊं नये. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दिवाळी व मे महिना यांची पाळी सर्वांत आधीं ठरवावी, कारण नव्याचे नऊ दिवस तेथेंच संपतात. हजेरीचें पुस्तक शाळेंत न ठेवितां रुग्णालयांतील सिस्टरच्या हातीं द्यावें. वर्षअखेर या मुलांस प्रमाणपत्र द्यावें कीं देऊं नये, हा वाद ज्यांस घालावयाचा असेल त्यांनीं तो खुशाल घालावा. आमच्या मतें देऊं नये.